आभाळाचे थर

सहज बसा. ओट्यावर, बांधावर, जिथे असाल तिथे. दोन-चार श्वास आपोआप येऊ-जाऊ द्या. आज बालाघाटच्या पठारावर, वाशीत बसून बर्फाचं मनन करायचं आहे. इथे हिम पडत नाही. पण फाल्गुन-चैत्रात, हरभरा काढणीला आलेला असताना, याच आभाळातून गारा येतात. त्या येतात तेव्हा धावपळ असते, विचाराला जागा नसते. म्हणून आज, आभाळ निरभ्र असताना, त्यांच्याकडे शांतपणे बघू.

आधी जमीन मनात आणा. मार्चमधली दुपार आहे. काळी माती भेगाळलेली, हवा थांबलेली, अंगावर घाम. जमिनीलगतची हवा तापली की हलकी होते आणि वर जाते. तिच्याबरोबर तिच्यातलं बाष्पही जातं. तुमचं लक्ष त्या हवेबरोबर सावकाश वर जाऊ द्या. दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली घामाच्या धारा असतात, आणि डोक्यावर चार-पाच किलोमीटरवर पाणी गोठवणारी थंडी असते. वाशीहून तेरखेड्याला जायला याहून जास्त अंतर कापावं लागतं. बर्फ आपल्यापासून कधीच फार दूर नसतो. इथे जरा थांबा. हे अंतर मनात मुरू द्या.

आता ढगात चला. शून्य अंशाच्या पातळीच्या वर पोहोचलं तरी तिथले सगळे थेंब गोठलेले नसतात. गोठायला पाण्याला काहीतरी आधार लागतो, धुळीचा एखादा योग्य कण तरी लागतो. तो मिळेपर्यंत अगदी बारीक थेंब उणे तीस अंशांतही पाणीच राहू शकतात. असे असंख्य थेंब अंधारात वाट बघत आहेत. एवढ्यात बर्फाचा एक कण त्यांच्यात येतो. जो थेंब त्याला शिवतो, तो गोठून त्यालाच चिकटतो. कण वाढतो. खालून येणारा वारा त्याला तोलून धरतो. वारा जितका जोरकस, तितका वेळ गार वर राहते आणि तितकी मोठी होते.

एक गार मनातच घ्या आणि मधोमध चिरा. कांद्यासारखे थर दिसतील, काही पांढरे, काही काचेसारखे आरपार. फार थंड भागात थेंब शिवताक्षणी गोठला, आतली हवा अडकली, तिथे थर पांढरा झाला. जिथे पाणी भरपूर होतं आणि सावकाश गोठलं, तिथे हवा निसटली आणि थर नितळ झाला. गार कुठून कुठे गेली, तिथे थंडी किती होती, पाणी किती होतं, हे सगळं तिच्या पोटात नोंदलेलं आहे. अंगणात ती थोडा वेळच टिकते. पण तेवढ्या वेळात, वादळ सरल्यावर, ती हातात घेऊन नीट बघता येते.

आता उत्तरेकडे लक्ष न्या. काश्मीरमध्ये गुलमर्ग आहे, सुमारे २,६५० मीटर उंचीवर. तिथे लोक बर्फावरून घसरत उतरण्याचा खेळ खेळतात. उतारावर जाण्याआधी जाणती माणसं काय बघतात? ताजा बर्फ किती पडला, वाऱ्याने तो कुठून उचलून कुठे रचला, उन्हाने वर कडक पापुद्रा धरला का. मग खड्डा खणून आतले थर तपासतात. वरचा बर्फ कितीही सुंदर असला, तरी खाली एखादा भुसभुशीत थर दबलेला असेल तर सगळा उतार सरकून हिमस्खलन होऊ शकतं. चंडीगडची संरक्षण खात्याची संस्था, डीजीआरई, अशा धोक्याचे इशारे देते. तिथला खेळाडू आणि इथला शेतकरी एकच विद्या शिकतात. वरचं रूप बघून थांबायचं नाही, थरांपर्यंत जायचं.

आणि दोघांचं आभाळही जोडलेलं आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ येतात. गुलमर्गला बर्फ देतात तेच. कधीकधी त्यांचा प्रभाव दक्षिणेत खूप खाली उतरतो. वरून थंड, कोरडे पश्चिमी वारे येतात, खालून बंगालच्या उपसागराची आणि अरबी समुद्राची दमट हवा येते, आणि दोन्हींची गाठ महाराष्ट्रावर पडते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत असंच घडत राहिलं. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र पुन्हा पुन्हा गारांनी झोडपला गेला. गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली, द्राक्षबागा उघड्या पडल्या, पाखरं आणि जनावरं दगावली.

हे आठवताना छाती जड झाली तर होऊ द्या. ज्यानं वर्षाचं पीक काही मिनिटांत जाताना पाहिलं, त्याला गारेच्या थरांचं कौतुक सांगणं पुरेसं नाही. त्याला आधी हे सांगायला हवं, की गहू-ज्वारीचं उभं पीक कुणालाच झाकून ठेवता येत नाही. त्या नुकसानीत त्याचा दोष नाही. हे वाक्य स्वतःशी एकदा म्हणा. मग शेजाऱ्यासाठी म्हणा.

श्वास पुन्हा सावकाश होऊ द्या. आता हातात काय आहे ते बघू. दुपारी ढग कोबीच्या गड्ड्यासारखा न राहता उभा वाढत चालला, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला, की तो फार उंच गेला हे ओळखा. कोंदट उकाड्यात अचानक थंड झोत आला, तर वादळ जवळ आलं. ढगातून कोसळणाऱ्या पावसानं गार झालेली ती हवा आहे. हवामान खात्याचा पुढच्या काही तासांचा अंदाज बघा, विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप बघा. अंदाज शंभर टक्के बरोबर येत नाही. पण काढलेल्या पिकाची बनीम झाकायला, जनावरं गोठ्यात घ्यायला, झाडाखालून पक्क्या घरात यायला अर्धा तासही खूप असतो.

पुढच्या तीन गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवा. आभाळात काय चाललंय ते समजून घेता येतं. त्यातलं थोडं टाळता येतं. उरलेलं सोसावं लागतं, पण ते एकट्यानं सोसायची गरज नाही. म्हणून पुढच्या वेळी ढग असा वाढताना दिसला, की स्वतःची बनीम झाकून झाल्यावर एक फोन करा. शेतात एकटं कोण आहे, हे गावात तुम्हालाच ठाऊक असतं.