तक्रार पहिल्यांदा ऐकणारा माणूस

महाविद्यालयातल्या लैंगिक छळाची किंवा अत्याचाराची तक्रार सहसा थेट प्राचार्यांच्या दालनात येत नाही. मुलगी आधी विश्वासातल्या माणसाशी बोलते. ते वसतिगृहाच्या अधीक्षिका असतील, ग्रंथालयातल्या ताई, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातले सर किंवा शिपाई मावशी. तक्रार पुढे जाणार की तिथेच जिरणार, हे बरेचदा या पहिल्या संभाषणात ठरते. म्हणून प्रशिक्षण केवळ अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांपुरते ठेवून भागत नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल 1997 चा, त्यावरचा कायदा 2013 चा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनी महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीत दोन शिक्षकेतर कर्मचारी घेणे आवश्यक केले. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेणे ही कायद्यानेच संस्थेवर टाकलेली जबाबदारी आहे.

प्रशिक्षणाचा पहिला धडा ऐकण्याचा. “तू तथी कायले गेलती वं?” या एका प्रश्नाने मुलगी गप्प होते. त्याऐवजी “तू सांगितलंस, बरं केलंस. आता तुला काय मदत हवी?” एवढे विचारावे. खरेखोटे करणे हे समितीचे काम. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, हा समज किती महाग पडतो ते विदर्भाने पाहिले आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या 1972 च्या बलात्कार प्रकरणात जखमा नसल्याच्या मुद्द्याला महत्त्व देत सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. चार विधिज्ञांनी 1979 मध्ये खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

दुसरा धडा वेळेचा. बलात्कार झाला असेल तर एचआयव्ही टाळण्याचे उपचार 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागतात, गर्भधारणा टाळण्याचे उपचारही शक्य तितक्या लवकर. तपासणीआधी अंघोळ न करणे, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवणे पुराव्यासाठी उपयोगी पडते. रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात आणि पोलिसांना कळवावे लागते; ही दुसरी गोष्टही मुलीला आधीच सांगावी. समितीकडे लेखी तक्रारीची मुदत 3 महिने आहे, ती आणखी 3 महिने वाढवता येते.

तिसरा धडा वयाचा. दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीचे वर्ग बहुधा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरतात. मुलगी किंवा मुलगा 18 वर्षांखालील असेल तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; दडपणारा स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. म्हणून “कुणालाच सांगणार नाही” असे वचन कुणीही देऊ नये.

चौथा धडा गुप्ततेचा. लहान गावात शिक्षक, पालक आणि संस्थाचालक एकमेकांच्या नात्यागोत्यातले असतात. कॅन्टीनपर्यंत गेलेली गोष्ट संध्याकाळी घरी पोहोचते आणि मुलीचे शिक्षण थांबू शकते. नाव, जबाब आणि चौकशीचा तपशील बाहेर देण्यास कायद्याची मनाई आहे.

समितीने चौकशीही नीट शिकली पाहिजे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने घाईने काम उरकले आणि आरोपी प्राध्यापकाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी बडतर्फी रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवले. तक्रारदार विद्यार्थिनींची वर्षे त्यात गेली. याच निकालात न्यायालयाने समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाचे निर्देश दिले.

फलकावर समितीची नावे लावून कायद्याची एक अट पुरी होते. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला दरवर्षी हे चार धडे द्यावेत, कंत्राटी कर्मचारी व सुरक्षारक्षकांनाही त्यातून वगळू नये. विद्यार्थिनीच्या सुरक्षेची हमी संस्थेला त्याशिवाय देता येणार नाही.