पुसून टाकण्याचा अधिकार

गावातील भिंत कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. ज्याने बांधली त्याची, असे कायदा म्हणेल; आणि शाळा, चावडी, पाणवठा यांच्या भिंती सार्वजनिक, म्हणजे सर्वांच्या, असेही तोच कायदा पुढे सांगेल. पण जी वस्तू सर्वांची, तिच्यावर रंगाचा पहिला हात कोणी फिरवावा? अलीकडे शहरांतून, आणि आता खेड्यांतूनही, चित्रकारांचे गट येतात, रहिवाशांना हाताशी धरतात आणि दुर्लक्षिलेल्या चौकाला, बोळाला, बसथांब्याला नवे रूप देतात. 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत माहीमच्या बाजूस तुळशी पाईप रस्त्यालगतची रेल्वेची लांबच लांब भिंत शेकडो हौशी लोकांनी अशीच रंगविली होती. पानाच्या पिचकाऱ्यांनी माखलेल्या भिंतीपेक्षा चित्र पाहणे कोणालाही बरे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा प्रश्न रंग वाळल्यानंतरच्या दिवसांविषयी आहे.

आमच्याकडची समुदायाची जुनी कला पाहू गेल्यास एक गोष्ट डोळ्यांत भरते. ती पुसली जाण्यासाठीच जन्मास येत असे. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, तो गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. लग्न पार पडते, चुलीचा धूर बसतो, पुढे कधीतरी त्या भिंतीवर पुन्हा सारवण फिरते. सकाळी दारात काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखाली गेलेली असते, आणि तिच्यासाठी कोणी हळहळत नाही. पेणची गणेशमूर्ती तर याचा कळस होय. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत कारागीर वर्षभर मातीत हात घालून बसतात. डोळ्यांची आखणी करताना श्वास रोखून धरतात. आणि ते सारे कौशल्य दीड, पाच किंवा दहा दिवसांनी पाण्यात जावयाचे, हे त्यांना आरंभापासून ठाऊक असते. टिळकांनी 1893 पासून या उत्सवास घराबाहेर, चौकात आणले. तिथेही मंडप उठला की चौक पुन्हा हातगाड्यांचा आणि पोरांचा होतो. जागा उसनी घेतली होती, ती परत केली, इतका साधा तो व्यवहार. (प्लॅस्टरच्या मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाहीत, अशी जी तक्रार आता ऐकू येते, तिचे मूळ केवळ प्रदूषणात आहे असे आम्हांस वाटत नाही. निरोप दिलेली वस्तू पुन्हा काठाला लागते, याने मनाला जी बोच लागते तीही त्या तक्रारीत आहे.)

नव्या भित्तिचित्रांची तऱ्हा निराळी. त्यांचा रंग पावसाळे काढण्याजोगा, कोपऱ्यात कर्त्याची सही, आणि उद्घाटनाला पाहुणे. चित्रकार आठ दिवसांत निघून जातो. घरधन्याने मात्र पुढे त्या भिंतीला खिळा ठोकावा की नाही, लाकडे रचावीत की नाही, याचा विचार करीत बसावयाचे. देणगी खरी, पण नाकारण्याची सोय नसलेली देणगी घेणाऱ्यास आपल्याच अंगणात पाहुणा करून सोडते.

यावर कलावंताच्या बाजूने बोलणारा विचारील, उद्या कोणी अडाणीपणाने उत्तम चित्रावर चुना फासला तर? हा आक्षेप हलका नव्हे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये उतरविले आणि त्याची मोडतोड झाली. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलावंताचा हक्क मान्य करून ते शिल्प त्यांना परत देवविले, वर पाच लाखांची भरपाईही ठरविली. तो निवाडा आम्हांस न्याय्यच वाटतो. पण तिथे मालक होते खुद्द सरकार, ज्याने ते काम मागून घेतले होते. ज्या वस्तीने चित्र मागितलेच नाही, तिच्यावर तोच नियम लादणे म्हणजे दुबळ्यास सबळाच्या मापाने मोजणे होय.

याहून कठीण आक्षेप दुसराच आहे. गावाने ठरवावे, हे खरे. पण गाव म्हणजे कोण? याचे उत्तर शोधण्यास रायगड जिल्ह्याबाहेर जावयास नको. मुंबई कायदे मंडळात 1923 साली बोले यांचा ठराव झाला, आणि पुढल्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे कागदावर लिहिले. तरीही अस्पृश्य मानलेल्यांस ते पाणी मिळेना. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा गावातील पुढाऱ्यांनी तळ्याची शुद्धी केली, आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास 1937 उजाडले. तेव्हा ‘गावाचे एकमत’ हा शब्द आम्ही जपूनच वापरू. पारावर बसणाऱ्यांचे मत घेऊन पार रंगविला, तर ज्यांना त्या पारावर बसू दिले जात नाही त्यांचे मत न विचारताच राहते. आणि सुंदर झालेला पार त्यांना अधिकच परका होतो.

या बाबतीत साताऱ्याकडच्या भिलार गावाची मांडणी आम्हांस पटली. 4 मे 2017 रोजी हे पाचगणीजवळचे गाव ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून खुले झाले. चित्रकारांनी तिथेही भिंती रंगविल्या. परंतु पुस्तके ठेवली ती गावकऱ्यांच्याच घरांत, देवळात, शाळेत, सुरुवातीस 25 ठिकाणी. दाराची किल्ली घरधन्याकडेच राहिली. वाचणारा आत येतो तो त्याच्या ओसरीवर, त्याच्या सोयीने. उद्या त्यास ते नकोसे झाले, तर कपाट हलविता येते.

आता खांबाचा विचार करू. नागोठणे सोडून कोलाडकडे जाताना मुंबई-गोवा महामार्गावर हे रोहे तालुक्यातील गाव लागते. 2011 मध्ये पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यात या रस्त्याकडेच्या जुन्या झाडांची सावली गेली आणि तिच्यासोबत उभे राहण्याच्या, बोलण्याच्या पुष्कळ जागाही गेल्या. अशा गावी कोणी रंगाचे डबे घेऊन आले, तर त्याने प्रथम काय पाहावे? एस. टी. ची वाट पाहणाऱ्या बायांना ऊन लागते ते कोणत्या बाजूने, हे पाहावे. चित्राआधी तिथे एखादे छप्पर हवे असेल, तर तसे त्याला सांगण्याची हिंमत कोणाला होईल, हेही पाहावे. आणि बैठक ठरलीच, तर तिचे बोलावणे कातकरी वाडीवर धाडले आहे काय, हे त्याने सरपंचास आधी विचारावे.