उपजीविका आणि उतार

पोटासाठीं माणसाला गांव सोडावें लागतें. पण त्या गांवानें जडविलेला छंदही सोडावा काय? बर्फावरून घसरत जाण्याच्या स्कीइंग या खेळाचा इतिहास या प्रश्नाचीं दोन उत्तरें देतो.

नॉर्वेच्या डोंगराळ टेलेमार्क प्रांतांत 1825 सालीं जन्मलेला सोंद्रे नोरहाइम हा आधुनिक स्कीइंगचा जनक मानला जातो. 1884 सालीं त्यानें अमेरिकेची वाट धरली व अखेरीस तो नॉर्थ डकोटाच्या सपाट माळरानावर स्थायिक झाला. तेथें बर्फ उदंड. उतार मात्र नाहीं. तरीही त्याच्या स्की सदैव दाराशीं उभ्या असत, असें सांगतात.

दुसरें उत्तर विसाव्या शतकांतलें. एरिक झायलर हा ऑस्ट्रियन शिक्षक आल्प्स सोडून मिनेसोटांत आला आणि बक हिल नांवाच्या सुमारें 300 फुटांच्या टेकडीवर मुलांना शिकवूं लागला. उतार आखूड, म्हणूनच एका संध्याकाळीं तो अनेक वेळां उतरतां येई. तेथें बालपणीं शिकलेली लिंडसे वॉन 2010 सालीं ऑलिंपिक सुवर्णपदकाची मानकरी ठरली.

टेकडीनें पर्वताची उणीव भरून निघते, असें मानणें ही आत्मवंचना होय. परंतु प्रत्येक विद्येंत भव्यतेवांचून साधणारा एक भाग असतो, तो अभ्यासाचा. परमुलखांत गेलेल्यानें प्रथम तो शोधावा. नोरहाइमच्या वांट्याला मात्र तेवढी टेकडीही आली नाहीं. म्हणून त्याच्या दाराशीं उभ्या असलेल्या स्कींना व्यर्थ म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.