कोणत्या मापाने मोजावे?

कलावंताचे मोठेपण त्याच्या सर्वोत्कृष्ट कृतीवरून ठरवावे, की त्याच्या सर्वांत दुबळ्या कृतीचाही हिशेब त्यात धरावा? हा प्रश्न वरवर पाहता रसिकांच्या गप्पांतला वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक नीतिप्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

युरोपातील दोन दिग्दर्शकांची उदाहरणे घेऊ. स्वीडनचे इंगमार बर्गमन हे ल्युथरन धर्मोपदेशकाचे पुत्र. 1957 साली त्यांचे ‘द सेव्हन्थ सील’ आणि ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ हे चित्रपट आले. पहिल्यात प्लेगच्या काळातील एक सरदार मृत्यूशी बुद्धिबळ खेळत देवाच्या मौनाचा अर्थ शोधतो. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त 1995 साली व्हॅटिकनने निवडलेल्या पंचेचाळीस चित्रपटांत हे दोन्ही आहेत. याच बर्गमन यांनी 1950 साली पैशाच्या निकडीपोटी एक हेरकथापट केला. तो पुढे त्यांना स्वतःलाच इतका नकोसा झाला की, त्याचे प्रदर्शनच होऊ नये, अशी त्यांची भूमिका राहिली. डेन्मार्कचे कार्ल ड्रायर यांनी 1928 साली संत जोनवर आणि 1955 साली ‘ओर्देत’ हे असामान्य चित्रपट निर्माण केले. त्यांच्या मध्ये, 1945 साली, ‘दोन माणसे’ या अर्थाच्या नावाचा त्यांचा चित्रपट आला. मनाजोगे नट न मिळाल्याने तो फसला आणि ड्रायर यांनी तो आपला मानला नाही. त्यानंतर दहा वर्षे त्यांचा पूर्ण लांबीचा कथापट आला नाही.

हे दोन दुबळेपणा सारखे नाहीत. एका ठिकाणी कसब होते, पण सांगण्याची तळमळ नव्हती. दुसऱ्या ठिकाणी तळमळ होती, परिस्थिती प्रतिकूल होती. न्याय करणाऱ्याने हा भेद ओळखला पाहिजे. मात्र फसलेल्या चित्रपटाला चांगला म्हणणे ही दया नव्हे. ते असत्य होय.

मग अपयश झाकून ठेवावे काय? शुभवर्तमानकारांनी तसे केले नाही. पेत्राने प्रभूला नाकारल्याची रात्र चारही शुभवर्तमानांत नोंदलेली आहे. ख्रिस्तसभेच्या प्रमुखाची ही नामुष्की गाळणे सोपे होते; पण ती गाळली असती, तर सरोवराकाठी प्रभूने त्याला तीनदा विचारलेल्या प्रश्नाचा अर्थच आपल्याला उमगला नसता.

आमच्या अमळनेरला या विचाराचे एक जवळचे उदाहरण आहे. साने गुरुजींनी येथे 1924 ते 1930 या काळात अध्यापन केले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. आचार्य अत्रे यांनी 1953 साली तिचा चित्रपट केला व त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. या कथेत श्याम आपला भित्रेपणा, आपले हट्ट, आपल्या चुका स्वतःच सांगतो. त्या चुका वगळल्या, तर आईच्या वात्सल्याला उभे राहण्यास जागाच उरत नाही.

त्याच गुरुजींनी 11 जून 1950 रोजी स्वतःचे जीवन संपविले. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून 1947 साली प्राण पणाला लावून उपोषण करणाऱ्या या पुरुषाचे मोजमाप त्या एका दिवसाने करावे काय? आमच्या ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाशी झगडावे लागले आहे. 1917 च्या धर्मसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास, मरणापूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह दिसले नसल्यास, ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. 1983 च्या संहितेत तो निर्बंध राहिला नाही. आणि 1992 ची धर्मशिकवण सांगते की, अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. कृती गंभीर चूक आहे, ही शिकवण मात्र बदललेली नाही. कृतीचा न्याय आपण करू शकतो. मनुष्याचा न्याय देवाचा आहे.

वाचकहो, चित्रपटाचे समीक्षक व्हायचे, तर दुबळ्या कृतीला दुबळी म्हणण्याचे धैर्य हवे. परंतु धर्मग्रामात एखादी शवपेटी उचलली जात असता, मागे उभे राहून मृताच्या एखाद्या वाईट दिवसाची कुजबुज चालते, तेव्हा आपण समीक्षक नसतो. अशा वेळी त्याच्या सर्वोत्तम दिवसाची आठवण एकाने तरी मोठ्याने सांगावी. तीही तितकीच खरी असते.