शेजारचे मूल कुणाचे?



माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले, तेव्हा प्रभूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण तिच्यातील एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा शोमरोन्याने केलेल्या नव्हत्या. ज्यांनी केल्या ते लुटारू केव्हाच पसार झाले होते. रस्ता सुरक्षित ठेवणे हे राज्यकर्त्यांचे काम होते. शोमरोनी तसाच पुढे गेला असता, तरी कायद्याने त्याला दोष दिला नसता. तरीही तो थांबला.

आज आपल्या मुलांना जखमी करणाऱ्या लुटारूंना तर चेहराच नाही. कचऱ्याचा धूर, साचलेले पाणी, वाढता उष्मा यांवर खटला कुणी भरायचा? मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. तान्हे बाळ ४० च्या आसपास घेते. म्हणजे तोच धूर बाळाच्या अंगात वजनाच्या मानाने कितीतरी अधिक जातो, आणि तोही अजून वाढत असलेल्या फुप्फुसांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१६ या एका वर्षात दूषित हवेमुळे झालेल्या श्वसनरोगांनी १५ वर्षांखालील सुमारे ६ लाख मुले दगावली. करणी मोठ्यांची आणि भोग लहानांचा, असा हा उलटा न्याय आहे.

यावर आपली दोन उत्तरे तयार असतात. पहिले म्हणजे, 'हे मी केलेले नाही.' हे कितपत खरे आहे? घंटागाडी आली नाही म्हणून अंगणात प्लास्टिक पेटवणारे हात कुणाचे? वाडीतले बावखल बुजवून ती जागा विकणारे कोण? जागा आपल्या मालकीची असेल. पण त्या बावखलात मुरणारे पावसाचे पाणी आता शेजाऱ्याच्या घरात शिरते. २०१८ च्या जुलै महिन्यात वसई-विरारमध्ये पाणी कसे तुंबून राहिले, ते आपण विसरलेलो नाही. या गोष्टीत आपण नेहमी शोमरोनीच असतो असे नाही. कधीकधी लुटारूंच्या टोळीतही आपण असतो.

दुसरे उत्तर, 'हे महापालिकेचे काम आहे.' होय, आहेच. पण शोमरोन्याने पुढे काय केले पाहा. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, मालकाच्या हाती पैसे ठेवले आणि परत येऊन उरलेला हिशेब पुरा करण्याचे वचन दिले. ज्याचे काम त्याच्याकडे ते सोपवले, पण पाठ फिरवली नाही. खरी स्वयंसेवा अशी असते. ती शासनाला मोकळे सोडत नाही, उलट विचारपूस करायला परत परत जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने आपल्याला हाच धडा दिला आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हा भोग अधिक कुणाच्या वाट्याला येतो? वीटभट्टीवर हंगामासाठी आलेल्या आदिवासी मजुराच्या मुलाच्या आणि सखल भागातल्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाच्या. ही मुले बहुधा आपल्या धर्मग्रामातली नाहीत, आपल्या जातीची नाहीत, कदाचित आपल्या भाषेचीही नाहीत. पण शोमरोन्याचाही तो जखमी जातभाई नव्हता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हेच बजावले आहे की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत.

मग आपण काय करू शकतो? डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर रिकामे करून कोरडे करावेत. आरोग्य खाते याला 'कोरडा दिवस' म्हणते. (दारूबंदीचा नव्हे!) मिस्सानंतर चार तरुण आपल्या आळीत आणि शेजारच्या चाळीत फिरले, तर रविवार हाच आपला कोरडा दिवस होईल. जुलाब झालेल्या बाळासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा), एवढे प्रमाण आपल्या भगिनी भट्टीवरच्या आयांना शिकवू शकतात. आणि कचरा पेटवणाऱ्याला गोडीने थांबवण्याचे काम तर कुणालाही जमेल.

एवढ्याने जगाचा उष्मा कमी होणार नाही, हे खरे. पण शेजारचे बाळ श्वास घेते ते साऱ्या जगाच्या हवेत नव्हे, तर आपल्या अंगणातल्या हवेत. स्वयंसेवा म्हणजे सवडीने केलेला उपकार नव्हे. जो जवळ आहे आणि ज्याला करता येण्यासारखे आहे, त्याचे ते देणे आहे.

गोष्ट संपल्यावर प्रभूने शास्त्र्यालाच उलट विचारले, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? या रविवारी तोच प्रश्न आपल्यापुढे आहे.