पारख आणि भाजणी

कामावर घ्यायच्या माणसाची योग्यता आधीच सिद्ध असावी, की ती काम करता करता घडते, हा आजच्या कचेऱ्यांतला प्रश्न वेदान्ताने फार पूर्वी ‘अधिकार’ या संज्ञेखाली विचारला आहे. येथे अधिकार म्हणजे हक्क नव्हे, तर विद्या पेलण्याची पात्रता. आणि विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण व मोक्षाची तळमळ ज्याच्या ठायी आहे, तोच ब्रह्मविचाराचा अधिकारी, असा शांकर परंपरेचा निकष आहे. त्या निकषाला जो आज उतरत नाही त्याचे काय करावे, याचे उत्तर वारकऱ्यांच्या कथांत अधिक माणुसकीने आले आहे.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातले कुंभारकाम मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. कच्च्या मडक्याची माती तीच असते, आकारही तोच असतो, उणी असते ती फक्त आच; म्हणून कुंभार ते टाकून न देता भट्टीत लावतो. नामदेव औंढा नागनाथला आपले गुरू विसोबा खेचर यांच्याकडे गेले, तीच त्यांची भाजणी.

गंगाखेडच्या जनाबाईची तर कोणी परीक्षाही घेतली नव्हती. परंपरा सांगते की वडिलांनी तिला लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवले. तेथे झाडलोट, दळण, पाणी, गोवऱ्या हे तिच्या वाट्याला आले, आणि त्याच घरात नामदेवांचा सहवासही मिळाला. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. जात्यावर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात, सराईत बाई मोकळ्या हाताने घास टाकत राहते आणि नवखीचा हात न सांगता तिच्या लयीत येतो. विठ्ठल जनीबरोबर दळू लागला या श्रद्धेत, थोराने धाकट्याच्या खुंट्याला हात लावणे हीच शिकवण्याची रीत दिसते. तरीही जनाबाईचे दासीपण सुटले नाही, आणि भक्तीच्या गौरवात ही गोष्ट झाकली जाणे न्याय्य नाही.

पारख होते पण भाजणी होत नाही, असे आजच्या शिवारातही दिसते. परभणीकडे गुढीपाडव्याला सालगडी, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, ठरवण्याची रीत आहे. बोली होते ती रकमेची आणि धान्याची; गड्याला वाफसा कळतो का, बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखता येते का, हे मालकाला चांगले ठाऊक असते, पण त्या जाणतेपणात भर घालणे हे कोणी आपले काम मानत नाही. ज्या शहरात 1972 पासून कृषी विद्यापीठ उभे आहे, त्याच्या आसपासच्या शिवारांत तरी हे चालू नये. येत्या पाडव्याला मालकांनी रकमेबरोबरच, वर्षभरात गड्याला काय शिकवायचे आणि त्यासाठी किती दिवस मोकळे द्यायचे, हेही बोलीतच ठरवावे.