उणीव कुणात?

प्रयोगशाळेतील टेबल उंच असते, कारण ते उभ्याने काम करणाऱ्यासाठी घडविलेले असते. चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याचा हात त्यावर नीट पोहोचत नाही. टेबलाखाली गुडघे शिरायला जागाही नसते. ‘बिचाऱ्याला हे कसे जमणार?’ म्हणून आपण हळहळतो. परंतु उणीव त्या विद्यार्थ्यात आहे की टेबलात?

अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी या प्रश्नाची दिशाच बदलली. बालपणी पोलिओ झाल्याने ते स्वतः चाकांची खुर्ची वापरीत. वास्तू व वस्तू मुळातच शक्य तितक्या सर्वांना वापरता येतील अशा घडवाव्यात, या विचाराला त्यांनी ‘सार्वत्रिक रचना’ असे नाव दिले. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिची व्याख्या आहे.

‘मूठभरांसाठी एवढा खर्च कशाला?’ असे कुणी विचारील. गेरात व्हर्मे हे तिसऱ्या वर्षी दृष्टी गमावलेले जीवशास्त्रज्ञ. शंखशिंपल्यांवर बोटे फिरवूनच त्यांनी खेकड्यांच्या हल्ल्यांचे व्रण ओळखले आणि भक्ष्य-भक्षकांच्या कोट्यवधी वर्षांच्या चढाओढीचा इतिहास उलगडला. त्यांच्यापुढे प्रयोगशाळेचे दार बंद झाले असते, तर तोटा केवळ त्यांचाच झाला असता काय?

आम्हीही पुष्कळ काळ अशा सोयींना दयाधर्म मानीत होतो. परंतु धडधाकट, डोळस माणसासाठीही टेबल, दिवे, पायऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेल्या असतात. त्यांना आपण उपकार म्हणत नाही. मग गावच्या शाळेची प्रयोगशाळा कागदावर असतानाच उंची बदलणारे एक टेबल आणि बोलणारा तापमापक यांची तरतूद करणे, हाही न्यायच, दान नव्हे.